परगावी जिवावर बेतले तर

आपल्या गावात माणूस अडला, तर शेजारी धावून येतो. पण परगावी अडला तर? तेथे त्याला कोण ओळखतो? तेथल्या दवाखान्यात त्याची दाद कशी लागते? पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आज आपण त्याचाच विचार करू.

दसरा-दिवाळी उलटली, की मराठवाड्यातली पुष्कळ गावे ओस पडू लागतात. बीड जिल्ह्यातून फार माणसे बाहेर पडतात. शेजारच्या अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतूनही पडतात. ही माणसे ऊसतोडीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सातारा-पुण्याकडे, तर कोणी थेट कर्नाटकात बेळगावकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. असे काही कोयते मिळून एक टोळी होते. टोळीवर मुकादम असतो. त्याच्याकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने परमुलखात राहायचे. राहायचे कोठे? तर पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत.

आमचे गाव कृष्णाकाठचे. आमच्याकडे या टोळ्या दरसाल येतात. आम्ही गावच्या शाळेत शिकवीत होतो. पुढे तेथेच मुख्याध्यापक झालो. टोळीतली पोरे हंगामापुरती आमच्या शाळेत बसत. त्यामुळे कोपीवर आमचे जाणे-येणे असे. तेथे जे पाहिले, तेच तुम्हांला सांगतो.

एकाच हंगामातले दोन दंश

ही गोष्ट २०१५ सालची. त्या हंगामात आमच्या शिवारात दोघांना साप चावला.

पहिला दंश आमच्या आळीतल्या एका मुलाला झाला. रात्री आठच्या सुमारास तो उसाला पाणी पाजीत होता. बांधावर पाय ठेवला आणि घोणस चावली. त्याने हाक मारली. शेजारच्या मळ्यातला माणूस बॅटरी घेऊन पळत आला. चुलत्याने जीप काढली. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, रात्री कोणत्या दाराने आत जायचे, हे चुलत्याला ठाऊक होते. वाटेतच त्याने गावच्या आशाताईंना फोन लावला. त्यांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना कळवले. पाऊण तासात मुलगा खाटेवर होता.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत त्याचे थोडे रक्त घेतले. ती नळी वीस मिनिटे न हलवता ठेवली. रक्त गोठले नाही. म्हणजे विष भिनले, हे कळले. लगेच सापाच्या विषावरचे औषध शिरेतून सुरू झाले. पाचव्या दिवशी मुलगा घरी आला. पंधराव्या दिवशी शाळेत येऊन बसला.

दुसरा दंश महिनाभराने झाला. तो टोळीतल्या एका बाईला. पहाटे पाचची वेळ. मोळी बांधायला तिने पाचटाखाली हात घातला. चावली तीही घोणसच. नवऱ्याने टॉवेलाने दंड करकचून बांधला. मुकादम दुसऱ्या फडावर होता. त्याला विचारल्याशिवाय फड सोडायचा कसा? खाडा लागतो! मुकादम येईपर्यंत तास गेला.

मग कोणीतरी १०८ या नंबरावर फोन लावला. तिकडून विचारले, "गाव कोणतं? रस्ता कोणता? शेत कोणाचं?" नवरा म्हणाला, "कारखान्याचा ऊस हाय जी. मोठ्या वढ्याच्या पल्याड." टोळी त्या शिवारात दोनच दिवसांपूर्वी आली होती. गावाचे नाव काही त्याला सांगता येईना. गाडी निघाली, पण ती भलत्याच शिवारात गेली.

शेवटी बाईला ट्रॅक्टरवर घातले. वाटेत पहिला दवाखाना लागला तो खासगी. तेथे म्हणाले, "आधी दहा हजार भरा." दहा हजार आणायचे कोठून? उचल तर गावीच खर्ची पडलेली. पुढच्या दवाखान्यात म्हणाले, "ही पोलीस केस आहे. आम्ही घेत नाही." दहाच्या सुमारास तो ट्रॅक्टर आमच्या शाळेच्या फाटकापाशी थांबला. नवरा धावत आत आला. म्हणाला, "गुरुजी, सरकारी दवाखाना कुठंशी हाय?"

आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. बाईच्या हिरड्यांतून रक्त येत होते. हात खांद्यापर्यंत सुजला होता. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. ग्रामीण रुग्णालयात पोचलो, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मुलाला पोचायला पाऊण तास लागला होता. बाईला साडेपाच तास लागले.

तेथले डॉक्टर भले. त्यांनी ताबडतोब औषध सुरू केले. पण तोवर बाईची मूत्रपिंडे बिघडली होती. लघवी बंद झाली. तिला जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. तेथे यंत्राने रक्त शुद्ध करावे लागले. याला डायलिसिस म्हणतात. सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड मागितले. ते गावी म्हातारीच्या पेटीत होते. दीर ते घेऊन एसटीने आला, तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

बाई वाचली. पण दीड महिना अंथरुणाला खिळून होती. कोयता मोडला. हंगाम बुडाला. उचल तशीच अंगावर राहिली आणि पुढच्या सालावर गेली.

सापाची जात एकच. औषध एकच. ते देणारा दवाखानाही एकच. मग फरक कोठे पडला?

फरक कोठे पडतो?

आम्ही पुढे या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. डॉक्टरांशी बोललो, मुकादमांशी बोललो. तेव्हा ध्यानात आले, की फरक पाच ठिकाणी पडतो.

पहिला फरक वेळेचा. आपल्याकडे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर चालते. रक्त गोठत नाही, आणि जागोजाग रक्त वाहू लागते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही बिघडतात. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या मिटू लागतात, मग श्वास बंद पडतो. चौघांवर चालणारे एकच औषध असते. पण ते अंगात फिरणाऱ्या विषावर चालते. विषाने केलेली मोडतोड ते दुरुस्त करीत नाही. म्हणून जेवढा उशीर, तेवढे नुकसान. गावचा माणूस लगेच निघतो. टोळीतल्या माणसाला आधी मुकादमाकडे पाहावे लागते. तेथेच तास जातो.

दुसरा फरक वाटेचा. गावच्या माणसाला दवाखाना ठाऊक असतो. टोळीचा मुक्काम आज येथे, तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात. आपण कोणत्या गावच्या हद्दीत आहोत, हेही पुष्कळांना माहीत नसते. ज्याला आपला पत्ता सांगता येत नाही, त्याच्याकडे गाडी येणार कशी?

तिसरा फरक कागदाचा आणि पैशाचा. गावच्या माणसाचे कागद घरात असतात. हाकेच्या अंतरावर उसने पैसे मिळतात. टोळीतल्या माणसाचे कागद शे-दोनशे मैलांवर, आणि उसने द्यायला कोणी नाही.

चौथा फरक ओळखीचा. आमच्या आळीतल्या मुलासाठी आशाताईंनी फोन केला. रक्त लागले असते, तर दहा पोरे उभी राहिली असती. टोळीतल्या बाईसाठी शब्द टाकणारे कोणी नव्हते. भाषा निराळी असली, तर आणखी पंचाईत. आपली माणसे बेळगावकडे जातात, तेथे कानडी बोलतात. आपल्याकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली माणसे येतात. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे डॉक्टरांना नीट कळले नाही, तर उपचार चुकतो.

पाचवा फरक मागाहूनच्या उपचाराचा. डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांनी पुन्हा दाखवा. आठ दिवसांनी टोळी दुसरीकडे गेलेली असते. कुत्रे चावले तर महिनाभरात चार-पाच वेळा इंजेक्शन घ्यावे लागते. टोळीतली माणसे पहिली दोन घेतात आणि पुढची चुकतात. पिसाळलेले कुत्रे असेल, तर ही चूक जिवावर बेतते. रेबीज एकदा उठला, की माणूस बहुधा वाचत नाही.

या पाचांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. सपाट मुलखात साधारण तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारचा हिशेब आहे. साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई असते. हा हिशेब कायमच्या वस्तीचा. हंगामात आमच्या भागात हजारो माणसे येतात, ती या हिशेबात बसत नाहीत. आशाताई घरोघर जाते. पण फडातली कोपी तिच्या यादीत नसते. टोळीत गरोदर बाई किती, तान्ही मुले किती, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून कोणी वाईट वागले नाही, तरी परका माणूस मागे पडतो.

कायदा काय म्हणतो?

आता दुसरी बाजू पाहा. कायद्यात गावचा आणि परका असा भेद नाही. जीव सर्वांचा सारखाच.

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एका स्कूटरवाल्याला मोटारीने उडवले होते. लोकांनी त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. "पोलीस केस आम्ही घेत नाही, दुसरीकडे न्या," असे तेथे सांगितले. दुसरे रुग्णालय वीस किलोमीटर दूर होते. तो वाटेतच मेला. न्यायालयाने निकाल दिला, की आधी जीव वाचवा, पोलिसांचे काम मागाहून होईल. हा निकाल सरकारी डॉक्टरांना लागू आहे, तसाच खासगी डॉक्टरांनाही लागू आहे.

दुसरे प्रकरण पश्चिम बंगालमधले. १९९२ साली तेथे एक मजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांत त्याला फिरवले. कोठे खाट नाही, कोठे यंत्र नाही. अखेर खासगी रुग्णालयात खर्च करून त्याला उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांची एक संघटना त्याच्या मागे उभी राहिली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार दिले नाहीत, तर घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग होतो, असे न्यायालय म्हणाले. पैसा नाही, ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असेही म्हणाले. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला.

आता आपल्या महाराष्ट्रात काय सोयी आहेत, त्या पाहू.

१०८ ची रुग्णवाहिका आपल्याकडे २०१४ सालापासून आहे. ती रात्रंदिवस चालते. तिला पैसे पडत नाहीत. कर्नाटकात आणि गुजरातेतही १०८ हाच नंबर आहे. पोलीस हवे असतील, तर ११२.

सरकारी आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय येथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, मग ते साधे असो की पोट फाडून असो, २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. बाई कोणत्या जिल्ह्याची, हे तेथे आड येत नाही.

धर्मादाय रुग्णालय म्हणजे ट्रस्टने चालवलेले रुग्णालय. त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना लावून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत, आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. जिवावर बेतलेला रोगी आला, तर त्याला लगेच दाखल करून घ्यायचे. त्याच्याकडे अनामत रक्कम मागायची नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली आणि २०१७ साली तिला हे नाव मिळाले. मोठ्या दुखण्याचा खर्च तिच्यातून होतो. डायलिसिसही तिच्यात आहे. रेशनकार्ड बीडचे असले, तरी योजनेतल्या सांगलीच्या रुग्णालयात ते चालते. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. त्याला शोधा. तातडीच्या वेळी फोनवरून नोंद करून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे. कागद मागाहून देता येतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. लहान दवाखान्यात सारी यंत्रे नसतात. तेथले डॉक्टर "पुढे न्या" म्हणाले, तर प्रत्येक वेळी ती टाळाटाळच असते, असे समजू नका. पण पुढे पाठवण्याआधी हातात आहे तो उपचार द्यायला हवा. काय दिले ते चिठ्ठीवर लिहून द्यायला हवे. गाडीची सोय पाहायला हवी. एवढे मागणे रोग्याचा हक्क आहे. ते शांतपणे, पण ठामपणे मागा. खिडकीवर भांडून वेळ जातो, आणि वेळच तर वाचवायचा असतो.

जाणाऱ्यांनी काय करावे?

कायदा सारखा आहे. पण कायदा आपणहून चालत येत नाही. तो आपण हाताला धरून आणावा लागतो. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. लिहिता-वाचता आले, की झाले. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. त्याचा पहिला उपयोग येथे करा.

परगावी मुक्काम पडला, की पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी लिहा. तिच्यात एवढे असावे:

माझे नाव.
माझे गाव, तालुका, जिल्हा.
आता राहतो ते गाव, तालुका, जिल्हा.
शेत कोणाचे, आणि जवळची मोठी खूण. म्हणजे देऊळ, पूल, शाळा, पाण्याची टाकी.
जवळचे सरकारी आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय.
मुकादमाचा फोन. घरचा फोन.
मला असलेला आजार. रोज घेतो ती औषधे. एखादे औषध सोसत नसेल, तर त्याचे नाव.

गावाचे नाव ठाऊक नसेल, तर शेतमालकाला विचारा. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, दुकानाच्या पाटीवर ते लिहिलेले असते. ते वाचा. टोळी हलली, की चिठ्ठी नवी करा. एक चिठ्ठी खिशात ठेवा, एक कोपीत सर्वांना दिसेल अशी टांगा. ज्याला वाचता येत नाही त्याची चिठ्ठी ज्याला येते त्याने लिहावी. १०८ ला फोन लावला, की ती वाचून दाखवा. घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही. कागद घाबरत नाही.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांच्या झेरॉक्स जवळ ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे भिजणार नाहीत. बाई गरोदर असेल, तर तिच्या तपासणीचे कार्ड बरोबर घ्या. लहान मुलाच्या लसीचे कार्डही घ्या. डॉक्टरांनी दिलेला कोणताही कागद फेकू नका. कुत्र्याच्या इंजेक्शनचा पुढचा डोस चुकवू नका. टोळी हलली असेल, तर कागद दाखवून जवळच्या सरकारी दवाखान्यात तो घ्या.

निघण्याआधीच मुकादमाशी बोलून ठेवा. जिवावर बेतले, तर कोणाला न विचारता दवाखान्यात जायचे. त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. ही बोली साऱ्या टोळीने मिळून करावी. एकट्याचे ऐकत नाहीत, दहांचे ऐकावे लागते.

साप चावला तर काय करावे, तेही येथेच सांगतो. अंगावरच्या बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा. चावलेला हात किंवा पाय हलवू नका. मोडलेल्या हाडाला बांधतात, तशी फळी बांधा. माणसाला चालवू नका. करकचून दोरी बांधू नका. जखम कापू नका, चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. साप मारायला धावू नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा.

मण्यार रात्री हिंडते. भुईवर निजलेल्या माणसाला ती चावते, आणि पुष्कळदा कळतही नाही. सकाळी पोट दुखू लागते, पापण्या जड होतात. असे झाले, तर "काही खाल्ले असेल" म्हणून थांबू नका. होईल तर खाटेवर निजा. खाट नसेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा.

ज्यांच्या गावी टोळी येते, त्यांनी काय करावे?

हा धडा वाचणाऱ्यांत काही जण आमच्यासारखे ऊसवालेही असतील. त्यांनाही दोन शब्द सांगणे आहे.

ज्याच्या उसावर आपले घर चालते, तो आपल्या शिवारात परका कसा? टोळी आली, की शेतमालकाने गावाचे नाव, रस्ता आणि दवाखाना समजावून सांगावा. आशाताईंना कोपी दाखवावी. किती माणसे आली, गरोदर किती, लेकरे किती, हे त्यांच्या वहीत उतरू द्यावे. आपला फोन नंबर टोळीला द्यावा. रात्री-अपरात्री फोन आला, तर उठावे. दवाखान्यात बरोबर जावे. गावचा एक माणूस बरोबर असला, की खिडकीवरची अर्धी अडचण दूर होते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पोलिसांची भीती वाटते, म्हणून पुष्कळ जण रस्त्यावरच्या जखमी माणसाजवळ जात नाहीत. ती भीती आता नको. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने यासाठी नियम मंजूर केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तसे कलम घातले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला कोणी अडकवून ठेवू शकत नाही. त्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती नाही.

शेवटचे सांगणे

तो हंगाम संपला. पण त्या बाईचा सुजलेला हात आमच्या डोळ्यांपुढून हलेना. शाळेपासून तिची कोपी अर्ध्या मैलावर होती. तिच्या नवऱ्याला गावाचे नाव ठाऊक नव्हते, आणि आम्ही ते कधी सांगितलेही नव्हते. चूक काही एकट्या मुकादमाची किंवा दवाखान्याची नव्हती. आमचीही होती.

पुढच्या साली टोळ्या आल्या, तेव्हा आम्ही सातवीच्या मुलांना कामाला लावले. दोन-दोन मुले एका कोपीवर गेली. त्यांनी ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या. आमच्या गावाचे नाव, शेतमालकाचे नाव, पुलाची खूण, दवाखान्याचा रस्ता, १०८ चा नंबर. तेच जोडपे पुन्हा आले होते. मागची उचल फेडायची होती ना! चिठ्ठी हातात घेऊन बाई म्हणाली, "गुरुजी, हे काय लिवलंय ते मला एकदा बोट ठेवून वाचून दावा." आम्ही दाखवले. तिने गावाच्या नावावर बोट ठेवले आणि ते चार वेळा म्हटले.

त्या हंगामात एका कोपीत रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. नवऱ्याने चिठ्ठी आमच्या एका शाळकरी पोराकडून वाचून घेतली आणि १०८ ला सांगितली. गाडी सरळ कोपीपाशी आली. मूल आणि आई दोघेही सुखरूप राहिली.

चिठ्ठी लिहायला एक कागद लागतो आणि पाव तास. हा धडा वाचून संपला, की पुस्तक मिटू नका. एक कागद घ्या. वर आपले नाव लिहा. खाली आपले गाव लिहा. मग पुढच्या ओळी भरा. आणि शेजारच्याला लिहिता येत नसेल, तर त्याचीही लिहून द्या.